वय माणसाचे, वय पिशवीचे

सुरतचे जेवण आणि काशीचे मरण, असे गुजरातेत म्हणतात. आपल्याला शाळेत सुरत भेटते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत. मला मात्र सुरत म्हटले की अक्काचे उधन्याचे घर आठवते. सकाळी गरम लोचो, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या आणि एकाच घरात चार भाषा. अक्का आणि दाजी आपसात मराठी बोलतात. सून गोकाकची, ती माहेरी फोनवर कन्नड बोलते. दुधवाल्याशी गुजराती आणि मिलमधल्या माणसांशी हिंदी. नातू तर एकाच वाक्यात चारही भाषा कालवतो आणि सगळ्यांना सगळे समजते.

वाचकहो, गेल्या दिवाळीनंतर मी त्या घरी गेले, ती लोचो खायला नव्हे. दाजींच्या लघवीच्या पिशवीत गाठ सापडली होती.

दाजी मूळचे इचलकरंजीचे. १९७९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते सुरतेला गेले. पहिली बारा-तेरा वर्षे सुती कापडाच्या रंगखात्यात काढली. पुढे पॉलिएस्टरच्या साड्यांचे दिवस आले, तेव्हा छपाईच्या मिलमध्ये रंग कालवायच्या खोलीत लागले. त्या खोलीला तिथे 'कलर किचन' म्हणतात. "तुमच्यासारखंच आमचंही स्वयंपाकघर," असे ते हसत सांगायचे. हाताला रंग, रुमालाला रंग, रविवारच्या आंघोळीचे पाणीसुद्धा कधी निळे तर कधी लाल. आणि खिशात विडीचे बंडल. सुट्टीत गावी आले की परतताना निपाणीहून विड्यांची पुडकी न्यायचे. तिकडच्या विडीला चव नाही म्हणायचे.

पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा त्यांनी कोणाला सांगितले नाही. दुखले नव्हते, जळजळ नव्हती, दोन दिवसांत रंग गेलाही. दुसऱ्यांदा झाली तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात गेले. एप्रिल महिना आणि सुरतचा उकाडा. "उन्हाळी लागली असेल, पाणी भरपूर प्या," असे सांगून गोळ्या मिळाल्या. लाल रंग थांबला, म्हणजे गोळ्या लागू पडल्या असे वाटले. तिसऱ्यांदा पुन्हा गोळ्या. "आता वय झालं, असं होणारच," हे वाक्यही ऐकून झाले. असे सात महिने गेले.

शेवटी गोष्ट उघडी पडली ती सुनेमुळे. न्हाणीघर धुताना तिने पाहिले. पण सासऱ्यांना विचारायचे कसे? सासूपाशी तरी हा विषय कोणत्या तोंडाने काढायचा? तिने रात्री आईला फोन लावला आणि कन्नडमधून सांगितले, "मावार मूत्रदाग रक्त ऐती." गोकाकच्या विहीणबाईंनी तासाभरात अक्काला फोन केला. जे सुरतेच्या घरात मराठीत बोलता येत नव्हते, ते कन्नडमधून गोकाकला गेले आणि मराठी होऊन त्याच घरात परत आले. दोन भाषांच्या घराचा एवढा उपयोग मी याआधी पाहिला नव्हता.

मग सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढली गेली. ती कशी निघाली याचा रिपोर्ट घ्यायला अक्काबरोबर मी इस्पितळात गेले. बाकावर आमच्या शेजारी एक खानदेशी बाई बसली होती. सुरतेत खानदेशातली माणसे फार. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत हिंडताना आपण धुळे-जळगावात आहोत की काय असे वाटते. त्या बाईंच्या मांडीवर फाईल होती आणि बाजूला कोवळ्या मिशांचा मुलगा. मी म्हटले, "वडलांना दाखवायला आणलंय का?"

त्या म्हणाल्या, "नाही ताई. पेशंट हाच आहे. सतरा वर्षांचा. त्याच्याच पिशवीत गाठ निघाली." आणि जरा थांबून, "यानं ना कधी विडी ओढली, ना रंगाला हात लावला. मग याला कुठून आलं हो हे? माझंच काही चुकलं का?"

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, पण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी दोघांच्याही घरच्यांना सवडीने समजावून सांगितले, आणि नंतर मी स्वतः वाचत गेले. जे समजले ते आज सांगते. मी डॉक्टर नाही, तेव्हा यातले औषधपाणी म्हणून काही घेऊ नका. पण एका बाबतीत आपण सगळेच चुकतो असे मला वाटते. आजाराचे वय आपण माणसाच्या वयावरून ठरवतो. ते वेगळे मोजावे लागते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण आपल्या घरांत तो होतो. मराठीत आणि कन्नडमध्येही मूत्रपिंड म्हणजे किडनी. लघवी साठते त्या पिशवीला मराठीत मूत्राशय आणि कन्नडमध्ये बहुधा मूत्रकोश म्हणतात. आपला आजचा विषय हा मूत्रकोश. या पिशवीचे काम साठवण्याचे. रक्तातले नको ते सगळे मूत्रपिंडे गाळतात आणि पिशवी ते तासन् तास सांभाळून ठेवते. म्हणजे शरीरात जे विष शिरले आणि लघवीवाटे बाहेर पडायला निघाले, ते या पिशवीच्या आतल्या अस्तराला सगळ्यांत जास्त वेळ चिकटून राहते.

या अस्तराच्या प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी असते. पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर चुकते, कधी विषामुळे चुकते, कधी पेशीतल्याच काही प्रथिनांच्या खोडीने चुकते. एका अक्षराने काय होते, असे म्हणू नका. मराठीत 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. फरक एका उकाराचा. माणसाच्या कॅन्सरला कारण झालेले पहिले जनुक सापडले ते याच आजारात, १९८२ साली. ज्या पेशींवर हे संशोधन झाले त्या ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका स्वीडिश बाईंच्या मूत्राशयातल्या गाठीच्या होत्या. अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळा एकाच वेळी त्या मागे लागल्या होत्या. निरोगी जनुक आणि गाठीतले जनुक शेजारी ठेवून पाहिले तर फरक निघाला एका अक्षराचा. या शोधात मूळचे भारतीय असलेले ई. प्रेमकुमार रेड्डी होते. त्या जनुकाचे नाव एच-रास. ते लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आता वयाचा प्रश्न. मूत्राशयाचा कॅन्सर हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. अमेरिकेत निदानाच्या वेळचे मधले वय ७३ आहे. पुरुषांत तो बायकांच्या तिपटी-चौपटीने आढळतो. उतारवयात का? आपल्याकडे म्हणतात, थेंबे थेंबे तळे साचे. सुनेने लगेच कन्नड म्हण सांगितली, "हनि हनि कूडिदरे हळ्ळ." थेंब थेंब जमला की ओढा होतो. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली आणि विज्ञानही तेच सांगते. २०२० साली इंग्लंडमधल्या आणि चीनमधल्या दोन गटांनी मूत्राशयाचे निरोगी दिसणारे अस्तर बारकाईने तपासले. वरून काही बिघाड दिसत नव्हता, तरी अस्तरात जागोजागी बदललेल्या पेशींचे पुंजके होते. वय वाढते तसे हे बदल साठत जातात. मात्र कॅन्सरच्या गाठीत जे बदल हमखास दिसतात, त्यांतले काही निरोगी अस्तरात फार क्वचित होते. म्हणजे तळे साचले तरी बांध फुटतोच असे नाही. बांध फुटायला आणखी काही मोठे मोडावे लागते.

ते काय मोडते? तीन गोष्टी सांगते. पेशीच्या पृष्ठभागावर एफजीएफआर-३ नावाची एक घंटा असते. बाहेरून निरोप आला की ती वाजते आणि पेशी वाढते. जनुकात चूक झाली की घंटेचे बटन अडकते आणि कोणी दारात नसताना ती वाजत राहते. अशा गाठी बहुतेक वेळा शेवाळाच्या तुऱ्यासारख्या आत लोंबतात, पुन्हा पुन्हा उगवतात, पण सहसा भिंत फोडत नाहीत. दुसरी गोष्ट टीपी-५३, म्हणजे पेशीचा पहारेकरी. पोथीत फार चुका झाल्या तर तो पेशीला थांबवतो किंवा संपवतो. पहारेकरीच गेला तर गाठ माजते आणि भिंतीच्या स्नायूत घुसते. तिसरी गोष्ट टर्ट. प्रत्येक पेशीजवळ जणू शंभर पानी वही असते. दर वेळी विभागताना एक पान फाटते, वही संपली की पेशी थांबते. टर्ट हे जनुक फाटलेली पाने पुन्हा चिकटवते. मोठ्या माणसांच्या मूत्राशयाच्या गाठींत बहुसंख्य वेळा या टर्टचा ताबा सुटलेला आढळतो.

मग त्या सतरा वर्षांच्या मुलाचे काय? त्याच्या पिशवीत इतके थेंब साचायला वेळच कुठे मिळाला? नेमके हेच संशोधकांनी विचारले. २००७ साली युरोपातल्या एका गटाने एकोणीस आणि त्याखालच्या वयाच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. मोठ्यांच्या गाठींत जी मोडतोड दिसते ती इथे विरळ होती. पुढच्या तपासण्यांत टर्टचा बदलही कोवळ्या वयात कमीच आढळला. मात्र काही तरुण रुग्णांच्या गाठींत एक जुना ओळखीचा भेटला, तो म्हणजे एच-रास. ऐंशी ओलांडलेल्या त्या स्वीडिश बाईंच्या गाठीत सापडलेले जनुक विशीच्या आतल्या मुलांच्या गाठींत पुन्हा दिसले. फरक असा की बाईंच्या पेशींत त्याच्याबरोबर आणखी पुष्कळ काही बिघडलेले होते. मुलांच्या पोथीत बाकीची पाने बहुतेक शाबूत असतात.

म्हणूनच विशीच्या आतल्या गाठी बहुधा सौम्य असतात, वरवरच्या असतात आणि एकदा काढल्या की पुष्कळदा परत येत नाहीत. हे तळे साचून फुटले नाही, एखादी घागर हातातून निसटावी तसे झाले. त्यात आईची चूक नाही, मुलाचीही नाही. डॉक्टरांनी त्या बाईंना हेच सांगितले तेव्हा त्या रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले होते. कित्येक आठवड्यांनी मोकळ्या रडल्या असाव्यात.

मात्र इथे दोन गोष्टी जपून समजून घ्या. तिशी-चाळिशीत हा आजार होतो तेव्हा त्याची गाठ पुष्कळदा मोठ्यांसारखीच असते. तरुण आहे म्हणजे सौम्यच असणार, असे तिथे धरून चालत नाही. दुसरे म्हणजे काही घराण्यांत पोथीतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकेच जन्मापासून अधू असतात. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा घरात आत्याला आतड्याचा, आजीला गर्भाच्या पिशवीचा कॅन्सर तरुणपणीच झालेला असतो. त्याच घरात मूत्रवाहिनीचा आणि कधी मूत्राशयाचाही कॅन्सर लवकर दिसतो. तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांचे आजार विचारले तर माहेर-सासर दोन्हीकडचे नीट सांगा. "आमच्यात कोणाला काही नाही," असे मानापोटी सांगू नका.

आता दाजींकडे वळू. रिपोर्टमध्ये त्यांची गाठ जोमाची निघाली, पण स्नायूपर्यंत पोचलेली नव्हती. त्यांच्या जनुकांची तपासणी कोणी केली नाही. या टप्प्यावर सहसा ती लागतही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे रूप पाहून पुरेसे कळते. डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट खोदून विचारली. "काका, वय अडुसष्ट हे दिसतंय. रंगाच्या कामाला कितव्या वर्षी लागलात? विडी कधी सुरू केली?"

दाजी म्हणाले, "दोन्ही बाविसाव्या."

त्या दिवशी मला दोन वयांचा अर्थ कळला. माणसाचे वय जन्मापासून मोजतात. पिशवीचे वय त्या विषाशी पहिली गाठ पडली तिथपासून मोजावे लागते. दाजी अडुसष्टचे, पण त्यांची पिशवी त्या अर्थाने सेहेचाळीस वर्षांची.

ही गोष्ट जगाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळू लागली होती. जर्मनीत फ्रँकफुर्टला लुडविग रेन नावाचे शल्यविशारद होते. १८९५ साली त्यांनी सांगितले की फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दिसत आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी रंगधंद्यातले नॅफ्थिलअमाइन हे रसायन कुत्र्यांना देऊन तशाच गाठी उठवून दाखवल्या. १९५४ साली इंग्लंडमधल्या रंगकामगारांच्या मोठ्या पाहणीने धोका आकड्यांत मांडला. काम सुरू होणे आणि गाठ दिसणे यांत पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहून जास्त काळ जातो. तोवर माणूस धंदा बदलतो, गाव बदलतो, निवृत्त होतो. डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा आपण एकेकाळी रंगखात्यात होतो हे सांगायचे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

गुजरातेतच याचा पुरावा मिळालेला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अमेरिकन संशोधकांबरोबर बेंझिडिन आणि त्यापासूनचे रंग हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आले. लघवीबरोबर अस्तराच्या काही पेशी गळून येतात. त्या पेशींच्या पोथीला बेंझिडिनचे अंश चिकटलेले आढळले. हे कामगार रोज कामावर जात होते. म्हणजे वरून धडधाकट माणसाच्या पोथीवर डाग तेव्हाच पडत असतो. त्याचा हिशेब कोणाला दिसतो तो कित्येक वर्षांनी.

बेंझिडिनच्या रंगांवर आपल्याकडे बंदी आली. भारत सरकारच्या १९९३ आणि १९९७ च्या आदेशांनी मिळून ११२ रंग बंद झाले, त्यांतले ४२ बेंझिडिनवर आधारलेले होते. मधल्या काळात, १९९४ साली, जर्मनीने अशा रंगांच्या कापडाला दार बंद केले होते, तो धक्काही आपल्या कापडधंद्याला बसला होता. पॉलिएस्टरला लागतात ते रंग वेगळ्या जातीचे, तेव्हा आजच्या प्रत्येक रंगखात्यात तेच जुने विष आहे असे म्हणणे बरोबर नाही. पण दाजींनी पहिली बारा-तेरा वर्षे सुती कापडाला रंग दिला, ती या बंदीच्या आधीची. कोणत्या डब्यात काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. बंदी आली त्या दिवसापासून नवे थेंब थांबले असतील, आधी पडलेले थेंब मात्र पिशवीत राहिले.

आणि विडी? इथे आपल्या भागाने कान टवकारायला हवेत. ज्या नॅफ्थिलअमाइनने ह्यूपर यांच्या कुत्र्यांना गाठी आल्या, ते तंबाखूच्या धुरातही असते. त्याची भावंडेही असतात. रंगातले विष आणि विडीतले विष एकाच कुळीचे. एक फॅक्टरीत हातातून आणि श्वासातून शिरते, दुसरे आपण पैसे देऊन ओढतो. मूत्राशयाच्या कॅन्सरचे सगळ्यांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. अमेरिकेतल्या २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार त्याच्या खात्यावर जमा झाला. निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातली हजारो घरे चालली, १९८१ चे शेतकरी आंदोलन याच मातीत झाले, त्या कष्टाविषयी मला आदर आहे. पण धूर हा धूर आहे. तो सुरतेत ओढला काय, निपाणीत ओढला काय, पिशवीला दोन्हीचा हिशेब सारखाच.

यातला चांगला भाग असा की विडी सोडली की धोका कमी होऊ लागतो, पहिल्या काही वर्षांतच बराच उतरतो. पार शून्यावर येत नाही, पण नवे थेंब पडायचे थांबतात. दाजींनी दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या रात्री शेवटचे बंडल सुनेच्या हातात दिले. तोंडाने काही बोलले नाहीत. तिनेही काही विचारले नाही.

उपचारांचेही थोडे सांगते, कारण वयाचा गैरसमज इथेही आडवा येतो. दाजींना बीसीजी देण्याचे ठरले. हो, बाळाला दंडावर देतात तीच बीसीजी, क्षयाची. १९७६ साली कॅनडातले डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी ती नळीने मूत्राशयात सोडून पाहिली आणि शरीराची फौज गाठीच्या उरल्यासुरल्या पेशींवर तुटून पडली. आठवड्यातून एकदा अशी सहा आठवडे, आणि पुढेही अधूनमधून. अक्का म्हणाली, "नातवाला दिली आणि आता आजोबाला." आजार पुढे गेलेला असेल तर मात्र गाठीची जनुके पाहण्याला खरा अर्थ येतो. ती अडकलेली घंटा, एफजीएफआर-३, बंद करणारे एर्डाफिटिनिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. ते द्यायचे की नाही हे रुग्णाच्या वयावरून ठरत नाही, गाठीत तो बदल आहे की नाही हे आधी पाहतात. केमोथेरपीच्या काही औषधांच्या बाबतीतही मूत्रपिंडे किती चालतात हे जन्मतारखेपेक्षा महत्त्वाचे असते. "एवढ्या वयात आता काय करायचे," असे नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकणे म्हणजे रुग्णावर अन्याय आहे.

वाचकहो, आता आपल्या घरापुरते बोलू. लघवी एकदा जरी लाल झाली, दुखो वा न दुखो, तरी ती दाखवायची. न दुखता होणारे लाल जास्त फसवे, कारण ते आपोआप थांबते आणि आपण विसरतो. उन्हाळी लागली तर जळजळ होते. रक्त दिसले की ते उन्हाळीवर ढकलू नका. गोळ्यांनी थांबले तरी सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी हवी का, हे मूत्ररोगाच्या डॉक्टरांना विचारा. बायकांच्या बाबतीत तर जास्तच सांगते. त्यांचे रक्त पाळीवर जाते, नाहीतर जंतूंच्या त्रासावर जाते, आणि निदानाला उशीर होतो. पाळी जाऊन वर्षे झालेल्या बाईने कपड्यावरचा डाग लपवू नये.

डॉक्टरांकडे जाताना वयाबरोबर दुसरे वयही सांगा. रंगखाते, छपाई, रबर, चामडे कमावणे यांपैकी कुठे काम केले, किती वर्षे केले, कोणत्या साली सुरुवात केली. इचलकरंजी, सोलापूर, सुरत, भिवंडी, गाव कोणतेही असो. विडी-सिगारेट कधी लागली, कधी सुटली. हे सगळे एका कागदावर लिहून फाईलला लावा. आणि घरात तरुण मुलाला असे काही झाले तर "या वयात काही नसते" म्हणून झटकू नका, आणि कॅन्सर हा शब्द ऐकून हायही खाऊ नका. गाठ काय आहे ते तपासणी सांगेल.

मी परतायच्या दिवशी इस्पितळातून दोन बातम्या आल्या. त्या खानदेशी बाईंच्या मुलाचा रिपोर्ट सौम्य निघाला. ठराविक मुदतीने दुर्बिणीतून पाहत राहायचे, बाकी काही नको. त्या म्हणाल्या, "बारावीचा फॉर्म भरतेय त्याचा." दाजींची पहिली बीसीजी झाली होती. त्यांनाही दर तीन महिन्यांनी दुर्बीण लागणार, पुढची काही वर्षे तरी. ते जरा खट्टू झाले होते.

स्टेशनवर सोडायला सून आली होती. मी तिला म्हटले, "तू आईला फोन केला नसतास तर?" ती म्हणाली, "अत्ती, मला मराठीत तो शब्दच सुचत नव्हता."

शब्द सुचत नसेल तर ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगा. पण सांगा.